पत्र्याच्या खिडक्या

१९६२ सालचा वैशाख होता. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती, जिल्हा परिषदा नव्याने येत होत्या आणि माझे थोरले दीर हिंमतराव देशमुख यांना पुढारी व्हायचं होतं. आमचं गाव शेगावहून खामगावकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत होतं. तिथे आमच्या घराएवढी जमीन कोणाची नव्हती आणि आमच्या मोटारीएवढं हसं कोणाच्या मोटारीचं झालं नव्हतं.

मोटार शेवरलेट, लढाईच्या आधीची. आबासाहेबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अकोल्याच्या एका साहेबाकडून ती घेतली, तेव्हा तिला मागच्या दोन्ही दारांना काचा होत्या आणि पाठीमागे एक मोठी काच होती. आमच्या घरच्या बायका तोवर पडदा लावलेल्या दमणीतून जात येत. मोटारीलाही आबासाहेबांनी आधी पडदेच लावले. पण दमणीचा पडदा बैलांच्या चालीने हलतो आणि मोटारीचा वाऱ्याने उडतो. शेगावच्या फाटकाजवळ एकदा तो उडाला आणि चार माणसांनी आत पाहिलं. झालं, त्याच आठवड्यात मिस्त्री आला. तिन्ही काचा काढून तिथे पत्रे ठोकले. हवेसाठी खिळ्याने भोकं पाडली, पिठाच्या चाळणीसारखी. पुढच्या आणि मागच्या बैठकीच्या मध्ये जाड पडदा. उन्हाळ्यात तो पत्रा असा तापे की आम्ही मांडीवर ओलं फडकं घेऊन बसत असू.

या गाडीतून गेलं वर्षभर कोकिळा खामगावच्या कॉलेजात जात होती.

कोकिळा हिंमतरावांची मुलगी. आई लहानपणीच गेली, आजीने वाढवली. मॅट्रिक चांगल्या मार्कांनी झाली आणि तिने अन्न सोडलं तेव्हा आबासाहेब कबूल झाले. पण त्यांनी ओसरीवर सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "पोरगी बंद गाडीत जाईन, बंद गाडीत येईन. ज्या दिवशी माह्या घरची पोरगी उघड्या गाडीत दिसली, त्या दिवशी कॉलेज बंद." सोबतीला मी, घरची धाकटी सून. तुळशीराम डायवर गाडी उलटी घेऊन कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांना लावी. पोट्टे ओरडत, "तिजोरी आली बे, तिजोरी!" कोणी पत्र्यावर बुक्की मारून पळे. कोकिळा आत हसायची. तिला त्याचं काही नव्हतं. त्या भोकांतून उन्हाचे ठिपके पडत आणि ती पुस्तक इकडे तिकडे सरकवत त्या ठिपक्यांत वाचायची. मला गाडीत मळमळे. तिला कधी मळमळलं नाही.

हिंमतराव मात्र त्या गाडीला कंटाळले होते. चैत्रात शेगावच्या बाजारात सभेला गेले, तर गर्दीतून कोणीतरी विचारलं, "भाऊसाहेब, मांगं कोणाले कोंडून आणलं? मतदार हायेत काय?" सारा बाजार हसला. आमचे हे, वामनराव, तिथे होते. ते सांगत, दादाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. आठच दिवसांत त्यांनी खामगावहून गफूर मिस्त्रीला आणलं. आम्हा बायकांना सांगितलं, गाडीला रंग द्यायचा आहे.

गफूर मिस्त्री बोलण्यात पक्का. त्याने हातोडीच्या दांड्याने मागच्या दारावर टकटक केलं आणि कान लावला, जसा वैद्य छातीला लावतो.

"साहेब, हे दार नाई, चिलखत हाय. अन् चिलखत आतून सडलं."

"सडलं कसं?" हिंमतरावांनी विचारलं.

"रिबिटाच्या भोकातून पावसाचं पाणी उतरते, त्याले बाहेर जाले जागाच नाई. वरून रंग, आत भुगा."

"पत्रा निघते का नाई, तेवढं सांग बावा."

"निघाले काय? छिन्नी लावली का निघते. पण तवाच्या मिस्त्रीनं काचेची चौकटच कापून टाकली. आधी मले दार करा लागते, मंग काच. खालचा पत्रा नवा ठोकतो. काच वर-खाली होणार नाई, पक्की बसन."

"पक्की तं पक्की. आत बसलेला माणूस लोकांले दिसला पाहिजे."

"दिसन ना साहेब! नवरीसारखी करून देतो."

स्वयंपाकघराच्या झरोक्याशी कोकिळा आणि मी उभ्या होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. "काकू, बाबा तं म्हणत होते, रंग देऊन राह्यलो."

ती तशीच मागच्या दाराने गोठ्याकडे गेली. वडिलांना तिथे गाठलं.

"बाबा, पत्रा निघाला तं माहं कॉलेज?"

"अवो, निवडणूक होऊ दे. मी आबाले समजावतो."

"कॉलेज जूनमधी उघडते. निवडणूक कवा हाय?"

"होईन जून-जुलैत."

"मंग मी कवा जाऊ?"

हिंमतराव वाईट माणूस नव्हते. मुलीवर त्यांचा जीव होता, ती पुस्तक वाचताना दिसली की पाय न वाजवता जात. पण गावोगावी फिरताना त्यांना कळलं होतं की लोक त्यांना मत देणार नाहीत, आबासाहेबांच्या शब्दाला देणार आहेत. आबासाहेब रुसले तर आजूबाजूची गावं गेली. हे मुलीला सांगायला त्यांना लाज वाटत होती. म्हणून ते चिडले. "तुले काय वाटते, मी तुह्या वाईटावर हाय?" असं म्हणून निघून गेले.

आबासाहेबांनाही मुलगा निवडून यायला हवा होता. "तुले गाडी फिरवाची हाय ना, फिरव," एवढंच ते म्हणाले. "माहं म्हणणं सगळ्यायले माहीत हाय."

तोड काढली ती आमच्या ह्यांनी. ताटावर बसले होते, पानातली भाकरी तशीच ठेवून उठले आणि मिस्त्रीकडे गेले.

"गफूरभाई, काच बसवून वरून पत्रा लावता येते का? काढता-घालता?"

"येते की. चार कोपऱ्याले चार बोल्ट. सकाळी लावा, संध्याकाळी काढा."

हे हात न धुता घरात आले. "जमलं! प्रचाराले काच, कॉलेजले पत्रा!" कोकिळा त्यांच्या गळ्यातच पडायची बाकी राहिली. हिंमतरावांनीही पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. दोन दिवस घरात सगळे एका बाजूला होते. तसं आमच्या घरात क्वचितच होई. मिस्त्रीने जुने पत्रे छिन्नीने सोडवले, ठोकून सरळ केले आणि कोपऱ्यांना भोकं पाडली. नवी दारं तयार होत होती. डावं दार झकास जमलं. उजव्याला लाटा आल्या, मग त्याने त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि घासत बसला.

राहिले होते आबासाहेब. तिसऱ्या दिवशी सगळे ओसरीवर जमले. ह्यांनी बोल्ट दाखवून सगळं समजावलं. आबासाहेबांनी पत्रा हातात घेऊन पाहिला, भोकांतून उजेडाकडे पाहिलं.

"मले काही बोलाचं नाई," ते म्हणाले. "या गाडीत वीस वर्ष बसली ती तुमची आई. तिले विचारा. ती म्हणन तसं."

हे ऐकून आम्हाला आनंदच झाला. आबासाहेबांनी सासूबाईंना कधी काही विचारलं नव्हतं. त्यांना खात्री होती की त्या त्यांच्याच मनातलं बोलतील. आम्हाला खात्री होती की त्या नातीच्या मनातलं बोलतील. सासूबाईंना, सत्यभामाबाईंना, स्वतःच्या मनातलं काही असेल, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

सासूबाईंना आम्ही सगळे बाई म्हणत असू. त्या माडीवर उडदाचे पापड वाळत घालत होत्या. कोकिळा जिना चढत ओरडली, "आजी, फक्त हो म्हण! बोल्टाचा पत्रा चालते म्हण, बस!"

बाईंनी हातातला पापड खाटेवर पसरला. "पत्रा राह्यते म्हणजे?"

"काढता येते ना पण. मी कॉलेजात जाईन तवाच लावाचा."

"नको वो पोरी."

"काऊन?"

बाईंनी आणखी एक पापड पसरला. मी दारात उभी होते. मग जे त्या बोलल्या, ते माझ्या लग्नाला तेरा वर्षं झाली तरी मी ऐकलं नव्हतं. त्यांचं माहेर मेहकरकडे, आता हिवरा आश्रम आहे त्याच्या पलीकडे.

"माहा बाप लय बिमार झाला म्हणून सांगावा आला होता. तुहे आबा समोर, मी मांगं. गावाच्या अलीकडे गाडी थांबली. मले टाळ आयकू आले, माणसं आयकू आली. मी भोकाले डोळा लावला, तं कोणाचं तरी पांढरं धोतर दिसलं, दुसरं काही नाई. मी विचारलं, काय हाय जी? आबा म्हणाले, काही नाई, गर्दी हाय. मंग गाडी निंगाली. घरी गेली तं आंगणात नुसत्या बाया. माह्या आईनं मले पाह्यलं अन् म्हणे, तुले रस्त्यात नाई भेटले काय वो?"

कोकिळेला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला.

"आबांनी काऊन नाई सांगतलं, मयत हाय म्हणून?"

"सांगतलं असतं तं उतरा लागलं असतं ना मले. भर रस्त्यावर, माणसायमधी."

पापड वाऱ्याने उचलले जात होते. मी जाऊन त्यांच्यावर कडेने वाट्या ठेवल्या. कोकिळा आजीच्या शेजारी बसली, तिचा पिठाचा हात स्वतःच्या हातात घेतला. मला वाटलं आता ती रडेल. ती म्हणाली, "आजी, तुहं थे झालं. माहं अजून व्हाचं हाय."

"तुह्यासाठीच म्हणतो मी."

"मले काच नाई पाहिजे. मले कॉलेज पाहिजे. मी अंधारात जाईन, पोत्यात जाईन. तू फक्त हो म्हण."

"पोत्यात जाईन म्हणते!" बाई माझ्याकडे वळल्या. "आयकलं? हे शिकली कॉलेजात."

कोकिळेने हात सोडून दिला.

बाईंचा हिशेब काय होता ते त्यांनी मला पुढे, अंथरुणाला खिळल्यावर, सांगितलं. त्यांना वाटत होतं, पत्रा घरात राहिला तर बोल्ट रोजच आवळलेले राहतील. आज कोकिळेसाठी, उद्या तिच्या मुलीसाठी. पण पत्राच नसला तर म्हातारा करील काय? वर्षभर पोरगी जाते आहे, सगळ्या खामगावाला माहीत आहे, आता तिला घरी बसवलं तर लोक म्हणतील, पैसा संपला की बदनामी झाली? दोन दिवस रुसेल, आणि पोरगी काचेतून जाईल. आयुष्यभर त्या माणसासोबत राहून त्यांनी हा अंदाज बांधला होता.

त्या खाली आल्या. ओसरीवर मिस्त्री होता, त्याचा मदतनीस होता, गावचे दोन कारभारी प्रचाराचं विचारायला आले होते. बाई परक्या पुरुषांसमोर ओसरीवर कधी आल्या नव्हत्या. आबासाहेबांनी मान खाली घातली. त्यांच्याकडे न पाहता ते हिंमतरावांना म्हणाले, "काय म्हणणं हाय तुमच्या बाईचं?"

"पत्रा नको," बाई म्हणाल्या. "बोल्टाचा नको अन् बिनबोल्टाचा नको."

"आजी!" कोकिळा आतून ओरडली.

आमचे हे पुढे झाले. "बाई, काढता येते ना थो. रोज थोडीच..."

"वामन, तू बसला काय त्याच्यात कवा? एकडाव वैशाखात बसून ये अकोल्यापर्यंत. मंग सांग मले."

कारभाऱ्यांपैकी एकजण खोकला. हिंमतराव घाईने म्हणाले, "बाई म्हणतेत तं नको पत्रा," आणि त्यांच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. आता निर्णय त्यांचा नव्हता. बाईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या पायऱ्या उतरल्या. डोईवरचा पदर तसाच, पण पाय अनवाणी, तापल्या अंगणात. मिस्त्रीने तोंड फिरवलं.

"कातर हाय ना तुह्याजवळ?"

"हाव, बाई."

"काप मंग."

गफूरने हिंमतरावांकडे पाहिलं. हिंमतरावांनी आबासाहेबांकडे. आबासाहेब सुपारी कातरत होते, ते कातरतच राहिले. मग गफूर खाली बसला आणि त्याने पत्रे कापले. एकेका पत्र्याचे दोन-दोन, मग चार-चार. पत्रा कापताना जो आवाज येतो, त्याने दात आंबतात. सगळं होईपर्यंत बाई उन्हात उभ्या होत्या. मग वळून, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, चारचौघांत थेट नवऱ्याशी बोलल्या.

"आता पोरगी काचेतून जाईन. जग पाहीन."

"जाणार नाई," आबासाहेब म्हणाले. आवाज चढवला नाही. "मी पह्यलेच सांगतलं होतं."

"तुमीच म्हणाले, ती म्हणन तसं."

"पत्र्याचं म्हटलं होतं. पत्रा तोडला ना तुह्या मनासारखा? कॉलेजचं मी कोणाले विचारलं नव्हतं."

बाईंनी मोठ्या मुलाकडे पाहिलं. "हिंमत, तू बोल. बाप हाय तू तिचा."

हिंमतराव दोन्ही कारभाऱ्यांच्या मध्ये उभे होते. माझ्या डोळ्यांसमोर आजही तसेच उभे आहेत, खादीचा नवा सदरा, कडक इस्त्री. "आबांच्या शब्दाबाहेर मी कसा जाऊ, बाई?" ते म्हणाले. "निवडणूक होऊ दे. पाहू."

तेव्हा कोकिळा बाहेर आली. ओसरी ओलांडून, कारभाऱ्यांच्या समोरून, अंगणात. आजीच्या बाजूने गेली, पण आजीकडे पाहिलं नाही. खाली बसून तिने पत्र्याचे दोन तुकडे उचलले, त्यांच्या कडा एकमेकींना लावून पाहिल्या.

"मिस्त्री, हे जोडता येते का?"

"येते ताई," गफूर म्हणाला. "झाळून देतो. शिवण दिसन थोडी."

"दिसू द्या."

"नको," ओसरीवरून आबासाहेब म्हणाले. सुपारी तोंडात टाकली. "ज्या घरच्या बाया भर दुपारी आंगणात उतरल्या, त्यायले आता पत्रा कायले पाहिजे?"

कोकिळेने तुकडे खाली ठेवले. फेकले नाहीत, ठेवले. तिच्या बोटाला कड लागून रक्त आलं होतं, ते तिने परकराला पुसलं आणि आत गेली. बाई तिच्या मागे जाऊ लागल्या, तर माजघराचं दार लागलं.

त्या जूनमध्ये मी गाडीत बसले नाही. आमच्यापैकी कोणीच बसलं नाही. आबासाहेबांनी बायकांसाठी पुन्हा दमणी काढली, जुन्या पडद्यांसकट.

हिंमतराव निवडून आले. नव्या काचांच्या गाडीला हार घालून मिरवणूक निघाली तेव्हा उजव्या दारावरची लांबी धुळीत तडकून पडली होती. पुढे ते शिक्षणाच्या कमिटीवर होते. मुलींच्या शाळेच्या कितीतरी इमारतींचे दगड त्यांच्या हातून बसले. तिथली भाषणं ते चांगली करत. सत्तरीच्या अलीकडेच गेले, पुण्याला ऑपरेशनसाठी नेलं होतं तिथेच.

गाडी दुष्काळाच्या साली भंगारात गेली. गफूर मिस्त्रीने खामगावला स्वतःचा कारखाना टाकला, आमच्या गाडीचं काम तो गिऱ्हाइकांना नमुना म्हणून सांगे. तुळशीराम एसटीत लागला.

आबासाहेब एकोणसत्तर साली गेले. शेवटची दोन वर्षं त्यांना दिसत नव्हतं. कोण आलं, कोण गेलं, सारखं विचारत. बाई सांगत नसत. मी सांगायची.

आमच्या ह्यांनी भावाशी वाटणी करून घेतली ती याच कारणाने असं लोक म्हणत. तसं नाही. कारणं दुसरीही होती. पण त्यानंतर दोघे भाऊ एका ताटाला कधी बसले नाहीत हे खरं. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली.

बाईंना त्या काचेतून बाहेर पाहण्याचा योग आला नाही. हिंमतरावांनी पुष्कळदा म्हटलं, चला बाई, माहेरी नेतो. त्या म्हणत, कोकिळा आली का जाऊ. कोकिळा सणाला यायची, आजीच्या पाया पडायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची. त्याहून जास्त काही नाही. बाई गेल्या तेव्हा ती दुसऱ्या दिवशी पोचली.

कोकिळेला पुढच्याच वर्षी धाड गावात दिलं, चांगलं बागाईतदार घर. नवरा भला. तिने तीन मुली वाढवल्या आणि तिघींना शिकवलं. धाकटी औरंगाबादला डॉक्टरकीला लागली, तेव्हा मी मुद्दाम धाडला गेले होते. ती पोरगी माझ्याजवळ बसून गप्पा मारत होती. बोलता बोलता म्हणाली, "आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी पह्यली बाई म्हणजे माही मोठी बहीण."

"नाई वो," मी म्हटलं. "पह्यली तुही आई. खामगावच्या कॉलेजात होती वर्षभर. मीच सोबत जात होती."

पोरगी हसायला लागली. "काही तरी काय, आजी! आई म्हणते मी मॅट्रिकच्या पुढं पायच नाई टाकला. आमी कितीकदा विचारलं तिले."

कोकिळा आत चहा करत होती. मधे नुसता पडदा होता. तिला ऐकू गेलंच असणार. कपबशांचा आवाज थोडा थांबला, मग पुन्हा सुरू झाला. ती चहा घेऊन बाहेर आली आणि माझ्या हातात कप देताना म्हणाली, "काकूले आता आठवत नाई नीट."

मी कप घेतला. म्हटलं, "हाव. वय झालं."